गोळीचा शेवटचा दिवस



धामणगाव बढेच्या व्याख्यानमालेत सहसा मोठे विषय येतात. संतसाहित्य, संविधान, कापसाचा भाव. मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या डोक्याशी बसणारा माणूस, ज्याचं नाव पेशंटला कधीच आठवत नाही. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'एका दुखण्याच्या गोळीवर बोलतो.' पलीकडून प्रश्न आला, 'तासभर?' हो, तासभर. कारण ती गोळी आपल्यापैकी अनेकांच्या घरी फ्रीजवर, देवघराच्या फळीवर किंवा बिस्किटाच्या जुन्या डब्यात पडून असेल, आणि ती नक्की काय आहे हे घरातल्या एकालाही सांगता येणार नाही.

कुठली गोळी? मळणी यंत्रात हात सापडून मनगट मोडतं. अक्कलदाढ काढली जाते. हर्नियाचं ऑपरेशन होतं. मुतखडा उठतो आणि धडधाकट गडी जमिनीवर लोळायला लागतो. प्लास्टर झालं, टाके झाले, की घरी जाताना चिठ्ठीवर एक गोळी लिहून मिळते. साध्या गोळीनं न भागणाऱ्या दुखण्यासाठीची. तिच्यात दोन औषधं एकत्र असतात. एक पॅरासिटामॉल, तापात आपण घेतो तेच. दुसरं ट्रमाडॉल. आणि हे ट्रमाडॉल अफूच्या गोत्रातलं आहे.

दचकलात? दचकू नका. अफूच्या बोंडाशी त्याचा थेट संबंध नाही. ते कारखान्यात तयार होतं. जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीनं १९७७ साली ते बाजारात आणलं. पण मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत ज्या जागी अफू, मॉर्फिन ही औषधं वेदनेचा निरोप अडवतात, त्याच जागी हेही काम करतं. म्हणून गोत्र तेच. गुणही त्याच गोत्राचे, आणि खोडीही.

मला आज एवढंच सांगायचंय, की हे औषध चांगलं आहे, पण ते थोड्या दिवसांचं आहे. त्याचा शेवटचा दिवस पहिल्याच दिवशी ठरलेला असला पाहिजे. तो ठरला नाही की पुढचे सगळे घोटाळे सुरू होतात.

आधी गोळी नीट बघू. माझ्या हातात एक स्ट्रिप आहे. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, म्हणून वाचून दाखवतो. कोपऱ्यात लाल अक्षरं आहेत. त्याखाली लाल चौकटीत इशारा आहे, की वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकू नये. अक्षर इतकं बारीक, की मला स्वतःला चष्मा लावावा लागला. त्याखाली घटक: ट्रमाडॉल हायड्रोक्लोराइड ३७.५ मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. आता हीच स्ट्रिप मेडिकलमध्ये कात्रीनं कापली जाते. तुम्ही म्हणता, 'सध्या चारच द्या.' नाव राहतं दुकानातल्या तुकड्यावर, घटक कापले जातात मधोमध, आणि तुमच्या हातात येतो चंदेरी पत्र्याचा तुकडा, ज्यावर असलीच तर अर्धी तारीख. पंधरा दिवसांनी तो तुकडा डब्यात सापडतो तेव्हा ती गोळी ताकदीची आहे, आम्लपित्ताची आहे की दुखण्याची, कोण सांगणार? म्हणून पहिली गोष्ट: कमी गोळ्या जरूर घ्या, पण ज्या तुकड्यावर नाव आणि घटक आहेत तोच मागून घ्या. ते जमत नसेल तर मेडिकलवाल्याकडून पुडीवर नाव लिहून घ्या. ते लिहून देतात. आपणच मागत नाही.

दोन औषधं एकत्र का करतात? त्यामागे विचार आहे. पॅरासिटामॉल लवकर, साधारण अर्ध्या तासात कामाला लागतं. ट्रमाडॉलला तास लागतो, पण त्याचा असर चार ते सहा तास टिकतो. दोघं दोन वेगळ्या वाटांनी वेदना कमी करतात, म्हणून प्रत्येकाचा डोस कमी ठेवून काम भागतं. इथवर सगळं छान. पण हे एका जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारखं आहे. एकाला पळवायला गेलात की दुसराही पळतो. दुखणं थांबत नाही म्हणून तुम्ही एक गोळी जास्त घेतलीत, तर तुम्हाला हवं होतं थोडं जास्त ट्रमाडॉल. सोबत नको असलेलं पॅरासिटामॉलही पोटात गेलं.

आणि खरी गफलत इथं होते. एक हिशेब तुमच्यासमोर मांडतो. पाटी-पेन्सिल नाही, तोंडीच करू. समजा एकीचं ऑपरेशन झालंय. जास्तीत जास्त म्हणून दिवसाला आठ गोळ्यांपर्यंत परवानगी असते, आणि तिला दुखणं इतकं आहे की ती आठही घेते. आठ गुणिले ३२५. किती झाले? २६००. तिसऱ्या दिवशी तिला कणकण वाटते. घरात तापाची साडेसहाशेची गोळी आहेच. दिवसातून चार वेळा ती घेतली. चार गुणिले ६५०. पुन्हा २६००. एकूण ५२०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा आहे ४०००. आणि आपली ही बाई जर पंचेचाळीस किलोची, ऑपरेशननंतर दोन दिवस धड न जेवलेली असेल, तर तिची मर्यादा त्याहूनही बरीच खाली. नवरा रोज दारू पिणारा असेल आणि गोळी तो घेत असेल, तर त्याची मर्यादाही खाली. बघा, इथं कुणी मुद्दाम काही केलेलं नाही. दोन वेगळ्या नावांच्या, दोन वेगळ्या रंगांच्या गोळ्या घेतल्या. आत माल एकच होता.

मग काय होतं? पहिल्या दिवशी काहीच होत नाही. हीच तर फसवी गोष्ट. थोडी मळमळ, तीही ऑपरेशनमुळे वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखतं, उलट्या होतात, मग डोळे पिवळे पडतात. आणि डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे गाडी कुठं वळते? कावीळ उतरवणाऱ्याकडे! डोक्यावर हात ठेवून पाणी पिवळं करून दाखवणाऱ्याकडे. इकडे यकृत होरपळतंय. पॅरासिटामॉलच्या या विषबाधेला उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, चांगला उतारा आहे. पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात जास्त गुण येतो. म्हणजे जास्त गोळ्या गेल्याचं लक्षात आलं की त्रास होण्याची वाट बघायची नाही. बरं वाटत असतानाच दवाखाना गाठायचा, आणि जाताना रिकाम्या स्ट्रिपा खिशात घालून न्यायच्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ साली असल्या जोडगोळ्यांमधलं पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमवर आणायला कंपन्यांना सांगितलं, ते याच कारणानं. तो ३२५ चा आकडा उगाच आलेला नाही.

आता दुसऱ्या बैलाकडे येऊ. ट्रमाडॉल.

याचं एक विचित्र वागणं आहे. गिळल्यावर ते यकृतात जातं आणि तिथं त्याचं जे रूपांतर होतं, त्यात खरी ताकद असते. हे रूपांतर करण्याची शक्ती प्रत्येकाची जन्मजात वेगळी. काहींच्यात ते फार कमी होतं. ते म्हणतात, 'डॉक्टर, तुमच्या गोळीनं काडीचा फरक नाही पडला.' काहींच्यात ते झपाट्यानं होतं. ते एका गोळीत गुंगून पडतात. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून 'मला लागू पडली, तू पण घे' हे इथं चालत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर हा जुगार जिवावर बेततो. बारा वर्षांखालच्या मुलाला ही गोळी द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही, चुरा करून मधातून नाही. अंगावर पाजणाऱ्या आईनंही घ्यायची नाही, कारण दुधातून ते बाळापर्यंत जातं. सिझेरियन झालेल्या बाईला डॉक्टर दुसरी औषधं देतात, ती पुरतात.

ट्रमाडॉलनं काय होतं? मळमळ, उलटी, चक्कर, घाम, झापड, आणि शौचाला घट्ट होणं. यातलं कुठलं ना कुठलं अनेकांना होतं. चक्कर आणि झापड म्हटलं की डॉक्टर सांगतात, 'गाडी चालवू नका.' पण आपल्याकडे गाडी हा शेवटचा प्रश्न. आपल्याकडे रात्रीची लाईट! आठवड्यातून काही दिवस शेतीची वीज रात्री येते. हाताला प्लास्टर, गोळी घेतलेली, आणि बारा वाजता गडी उठून विहिरीवर मोटार चालू करायला जातो. अंधार, ओला बांध, काठावर कठडा नाही, डोकं गरगरतंय. मी शहरातल्या डॉक्टरांना हे सांगतो तेव्हा त्यांच्या लक्षात येतं, की चिठ्ठीवर 'वाहन चालवू नये' लिहिणं पुरेसं नाही. गोळी चालू असेपर्यंत पाणी द्यायला दुसऱ्या कुणाला पाठवा. भावाला पाठवा, शेजाऱ्याला पाठवा. फवारणीही त्या दिवसांत नको.

फिटचा आजार असेल तर ट्रमाडॉल नको. त्यानं फिट येऊ शकते. आधी कधी फिट आली नसली तरी जास्त डोसात येऊ शकते. मन उदास राहतं म्हणून मानसोपचारतज्ज्ञांची गोळी चालू असेल तर ती लपवू नका. आपल्याकडे ती गोळी लपवतात, हे मला माहीत आहे. 'लोक काय म्हणतील' म्हणून चिठ्ठीसुद्धा फाडून टाकतात. पण त्यातल्या काही गोळ्या आणि ट्रमाडॉल एकत्र आले की अंग थरथरतं, ताप चढतो, छाती धडधडते, माणूस भ्रमिष्टासारखं वागतो. आम्हाला कानात सांगा, पण सांगा. साखरेची औषधं चालू असतील तर तेही सांगा; क्वचित साखर खाली येते. डोक्याला मार लागलेला असेल तर ही गोळी घरी परस्पर घ्यायचीच नाही, कारण झापड गोळीची की मेंदूतल्या रक्तस्रावाची हे मग कुणालाच कळत नाही.

आणि सगळ्यात वाईट संगत कोणती? दारू आणि झोपेची गोळी. अफूच्या गोत्रातलं औषध श्वास मंद करतं. दारूही करते. अल्प्राझोलामसारखी झोपेची किंवा घबराटीची गोळीही करते. वेगवेगळी घेतली तर निभावून जाईल कदाचित. एकत्र आल्या की माणूस झोपतो, घोरतो, घोरणं हळूहळू घरघरीत बदलतं, आणि घरचे म्हणतात, 'झोपू द्या, दोन दिवस दुखण्यानं डोळा लागला नव्हता.' अशा झोपेवर विश्वास ठेवू नका. हाक मारा, खांदा हलवा. उठत नसेल, श्वास अगदी संथ असेल, ओठ निळसर दिसत असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर एका कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. यातल्या अफूवर्गीय औषधाला नॅलोक्सोन नावाचा उतारा दवाखान्यात असतो, आणि तो काही मिनिटांत काम करतो.

इथं जरा विषयांतर करतो. वेदना थांबवायची घाई होते तेव्हा वेदना कशाची आहे हे बघायचं राहून जातं. आपल्याकडे त्याचं उत्तम उदाहरण विंचवाचं आहे. लाल विंचू चावला की माणूस किंचाळतो. पूर्वी त्याला दुखण्याचं इंजेक्शन द्यायचे, आणि काही तासांनी तो फुप्फुसात पाणी होऊन जायचा. हे असं का होतं, याचा माग एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून काढला डॉ. हिंमतराव बावस्करांनी. आपल्या शेजारच्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचा हा माणूस. नोकरी कोकणात, महाडजवळ बिरवाडीला. रात्र-रात्र पेशंटच्या खाटेजवळ बसून घाम, नाडी, रक्तदाब लिहून काढला, तो अभ्यास १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीनं त्यांनी माणसं वाचवून दाखवली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी हे का सांगतोय? कारण विंचू चावलेल्या पोराला घाम फुटलाय, उलटी होतेय, हातपाय गार पडलेत, आणि घरी ताकदीची दुखण्याची गोळी आहे म्हणून ती देऊन निजवलं, असं होऊ नये.

आता दिवसांचा प्रश्न. किती दिवस?

मोडलेलं हाड, टाके, दाढ, असल्या नव्या दुखण्याला या जोडगोळीचा काळ पाच दिवसांच्या आत संपला पाहिजे. पुष्कळांना दोन-तीन दिवस पुरतात. 'पण हाड जुळायला तर सहा आठवडे लागतात!' बरोबर. हाड जुळायला सहा आठवडे लागतात. पहिला जीवघेणा ठणका मात्र दोन-तीन दिवसांत ओसरतो. पुढचं दुखणं साध्या पॅरासिटामॉलवर, हात उंच बांधून, बर्फानं शेकून निघतं. पाचव्या दिवशीही ठणका पहिल्यासारखाच असेल तर गोळी वाढवायची नाही, डॉक्टरकडे जायचं. प्लास्टर घट्ट झालं असेल, जखमेत पू झाला असेल. बोटं सुजलेली, बधिर, थंड लागत असतील तर पाचव्या दिवसाची वाटही बघायची नाही, त्याच क्षणी निघायचं.

पाच दिवस हा आकडा हवेतून आला का? अमेरिकेत २०१७ साली तिथल्या रोग नियंत्रण संस्थेनं एक हिशेब मांडला. ज्यांना आधी अफूवर्गीय औषध मिळालेलं नव्हतं, ज्यांना कर्करोग नव्हता, अशा माणसांना पहिल्यांदा किती दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि वर्षभरानं त्यातले किती जण अजून गोळ्या घेत होते? निदान एक दिवसाच्या गोळ्या मिळालेल्यांत शंभरातले सहा. आठ दिवस किंवा त्याहून जास्त मिळालेल्यांत शंभरातले साडेतेरा. महिन्याहून जास्त मिळालेल्यांत जवळपास तीस. कुणी म्हणेल, ते अमेरिकेचं. तिथं औषध लिहिण्याची तऱ्हा वेगळी, विमा वेगळा. मान्य. पण आपलं शरीर काही वेगळ्या मातीचं नाही. दिवस वाढले की शरीराला सवय लागते, आणि मग गोळी थांबवली की नाक गळतं, घाम येतो, पाय वळवळतात, जुलाब होतात, झोप उडते. माणसाला वाटतं, जुनं दुखणंच उठलं. तो पुन्हा गोळी घेतो. बरं वाटतं. म्हणजे दुखणंच होतं, अशी त्याची खात्री पटते. या चक्रात शिरणारे सगळे नशेबाज नसतात. कंबरदुखीनं बेजार झालेला एसटीचा चालकही असतो. काही आठवडे झाले असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवा. आणि पाच दिवसांच्या आत थांबलात, तर उतरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आणखी एक विचारतो. प्रत्येक मोडलेल्या हाडाला ही गोळी लागतेच का? त्याच वर्षी, २०१७ मध्ये, न्यूयॉर्कच्या दोन अपघात विभागांत ४१६ रुग्णांवर अभ्यास झाला. हातापायाला मार लागलेली, मुरगळलेली, हाड मोडलेली माणसं. एका गटाला आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, बाकी तीन गटांना अफूवर्गीय औषधाच्या तीन वेगवेगळ्या जोडगोळ्या. दोन तासांनी विचारलं, किती कमी झालं? चारही गटांत जाणवण्यासारखा फरक नव्हता. तिथं ट्रमाडॉल नव्हतं, त्याची चुलत भावंडं होती, हे सांगायला हवं. आणि आयब्युप्रोफेनही देवमाणूस नाही. रिकाम्या पोटी जठराला भोक पाडतं, उन्हातान्हात पाणी न पिता घेतलं तर मूत्रपिंडाला बाधतं. पण डॉक्टरांना 'साध्या गोळीनं भागेल का?' असं विचारण्यात कमीपणा नाही. आपल्याकडे उलटंच आहे. दवाखान्यातून बाहेर पडताना माणूस म्हणतो, 'साधीच गोळी दिली, डॉक्टर काही खरा नाही.' सुई नाही, सलाईन नाही, मग फी कशाची! डॉक्टरही शेवटी माणूस. त्याला पेशंट टिकवायचा असतो. ताकदीची गोळी अनेकदा आपणच मागून घेतो, भाऊ.

आता उरलेल्या गोळ्या. इथं आपल्या भागातलं एक वाक्य मला पाठ झालंय. जाऊबाई जाऊबाईला म्हणते, 'माह्या उरल्या ना त्या गोया, घे दोन. मले लय आराम पडला होता.' किती मायेचं वाक्य आहे! आणि किती धोक्याचं. जाऊबाईला फिट येते का, तिची मानसोपचाराची गोळी चालू आहे का, तिला दिवस गेलेत का, कुणी विचारलं? आणि घरात कॉलेजला जाणारा पोरगा असतो, मोबाईलवर सगळं बघतो. २०१९ साली केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेल्या पाहणीचे आकडे आले. देशातल्या १० ते ७५ वयोगटात अफूवर्गीय पदार्थ घेणारे साधारण दोन टक्के निघाले. त्यात कच्ची अफू घेणारे अर्धा टक्का, आणि औषधाच्या दुकानातल्या गोळ्या-सिरप घेणारे जवळपास एक टक्का. म्हणजे अफूच्या गोटीपेक्षा गोळ्या-सिरपवर जगणारे जास्त. उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर टाकू नका, गुरं आणि पोरं तिथं जातात. आपल्या केंद्रीय औषध नियामकानं २०२५ साली काढलेल्या मार्गदर्शनात १७ औषधं संडासात टाकून पाणी ओतावं असं सांगितलंय, त्यात ट्रमाडॉल आहे. उरतील इतक्या घ्यायच्याच नाहीत, हे त्याहून बरं.

दुखण्याच्या गोळीची नशा होणं हे आपल्या देशात पहिल्यांदाच घडतंय का? नाही. इथल्या पन्नाशीच्या पुढच्यांना स्पास्मो-प्रॉक्सिव्हॉनची निळी कॅप्सूल आठवत असेल. पोटात मुरडा आला की मेडिकलवर नाव घ्यायचं, मिळायची. तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफिन होतं, हेही अफूवर्गीयच. आपल्याकडे ती मुरड्याची कॅप्सूल, आणि तिकडे मिझोराम-नागालँडमध्ये पोरं तीच फोडून, पाण्यात कालवून शिरेत टोचत होती. हातपाय सडले, काहींचे कापावे लागले. शिवाय त्या औषधानं हृदयाचे ठोके बिघडतात हे कळल्यावर ब्रिटननं ते २००५ पासून मागे घ्यायला सुरुवात केली, अमेरिकेनं २०१० मध्ये बाजारातून काढलं. आपल्याकडे बंदी आली २३ मे २०१३ ला. आणि बंदीनंतर त्याच्या जागी काय आलं? ट्रमाडॉल! एक दार बंद झालं की गिऱ्हाईक शेजारच्या दारात.

जोडगोळ्यांचा आपल्या देशाला शौकच आहे. दोन औषधांची गरज असेल तिथं चार घालायची. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीनं असल्या हजारो मिश्रणांची छाननी केली, आणि त्यातून २०१६ च्या मार्चमध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली. कंपन्या कोर्टात गेल्या, बंदी उडाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुन्हा तपासणी झाली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. त्यातलं एक होतं पॅरासिटामॉल, ट्रमाडॉल, टॉरीन आणि कॅफिन. एका गोळीत चार! टॉरीन कशाला? कुणालाच सांगता आलं नसतं. आणि फार लांब जायला नको, २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर धाड पडली. ट्रमाडॉलचाच भाऊबंद टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल यांची जोडगोळी तिथं बनायची आणि पश्चिम आफ्रिकेत, घाना, नायजेरियाच्या रस्त्यांवर नशेसाठी विकली जायची. बीबीसीनं ते उघडकीला आणल्यावर सरकारनं त्या मिश्रणाच्या निर्यातीवर बंदी आणली. आपल्या राज्यात बनलेली गोळी, आणि बरबाद होणारी पोरं तिकडची.

कायदा आहे का? आहे. १ मार्च २०१४ पासून ४६ औषधं 'एच-वन' यादीत आली, त्यात ट्रमाडॉल आहे. दुकानदारानं डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. एप्रिल २०१८ मध्ये ट्रमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आणलं गेलं. म्हणून उद्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली, वही काढली, तर त्याच्यावर चिडू नका. 'ओळखीचा असून नियम दाखवतो' असं म्हणू नका. जो वही काढतो तो खरा ओळखीचा.

एवढं सगळं ऐकून तुम्ही उद्यापासून या गोळीला हातच लावणार नाही, असं झालं तर माझं व्याख्यान फसलं. कारण भीतीनंही नुकसान होतं, आणि त्याचाही दाखला आहे. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला. परवान्यांची इतकी जंत्री झाली, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला. आणि हे कुठल्या देशात? जिथं सरकारी परवान्यानं अफू पिकते, आणि गाझीपूरला आणि नीमचला सरकारी अफू कारखाने आहेत. नीमच म्हणजे मध्य प्रदेशात, आपल्यापासून काही परदेश नव्हे. तिथून औषधी माल जगाला जात होता आणि इथं कर्करोगाचा रुग्ण उशीत तोंड खुपसून ओरडत होता. मुंबईत १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं, देशातलं पहिलं असं घर, जिथं बरं न होणाऱ्या रुग्णाची वेदना तरी शमवली जाते. कायद्यातली ती अडचण दूर व्हायला २०१४ उजाडलं.

वेळ होत आली आहे. तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्यात, त्यातली एक आत्ताच घेतो, कारण ती याच मुद्द्याची आहे. एका ताईंनी लिहिलंय: 'सासूबाईंना गर्भाशयाचा कर्करोग आहे. डॉक्टरांनी तीच गोळी दिली, आता पाचवा दिवस झाला. थांबवू का? व्यसन लागेल का?'

ताई, थांबवू नका. पाच दिवसांचा हिशेब मोडलेल्या हाडाचा आणि टाक्यांचा. तुमच्या सासूबाईंचं दुखणं वेगळं, त्यांचा हिशेब वेगळा. या गोळीनं भागत नसेल तर त्यांना त्याहून ताकदीचं औषध, मॉर्फिन, लागू शकतं. ते तोंडानं घ्यायच्या साध्या गोळीत मिळतं, घड्याळ बघून द्यायचं असतं, दुखायची वाट न बघता. सोबत शौचाला साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं, नाहीतर शौचाचे हाल होतात. तापाची गोळी मात्र वरून देऊ नका, मघाचा हिशेब आठवतोय ना? उद्या बुलढाण्याला जिल्हा रुग्णालयात जा, वेदनाशमनाची सोय कुठं आहे ते विचारा. उपचार टाटा रुग्णालयात चालू असतील तर तिथल्या वेदनाशमन विभागाचा कागद काढून घ्या. जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत टाकून न्या. कापलेल्यासुद्धा.